ओढली की सुटणारी पिन

बाळकुम, ठाणे
९ नोव्हेंबर २०२५

जागृती बाळा,

तू दिवाळीला दिलेला लॅपटॉप छान चालतो आहे. दिसायला देखणा, वजनाला हलका, आणि पडद्यावरची अक्षरं इतकी ठसठशीत की चष्मा शोधायची धावपळ वाचली. तुझ्या मामीने त्याला हळदकुंकू लावलं आणि मी बघत नाही अशा समजुतीने झाकणावरून दोनदा हात फिरवला. तेव्हा आधी मनापासून आभार. आता भांडण.

याच्या चार्जरची पिन कुणाच्या डोक्यातून निघाली?

जुन्या लॅपटॉपची पिन आठव. लोहचुंबकाची होती. जवळ नेली की टचकन आपली आपण चिकटायची. बघावंसुद्धा लागायचं नाही. आणि कुणाचा पाय वायरीत अडकला तर मुकाट्याने सुटायची, लॅपटॉप जागचा हलायचा नाही. मी आख्खी नोकरी वागळे इस्टेटमध्ये प्लग आणि सॉकेटची ड्रॉइंग काढण्यात घालवली. प्लग घट्ट बसला पाहिजे हे अर्धं काम, आणि वेळ आली तर सुटला पाहिजे हे उरलेलं अर्धं. ती पिन पाहिली तेव्हा मी मनात ती बनवणाऱ्या माणसाला सलाम ठोकला होता. आता त्याच कंपनीने ती काढून ही बारीक जिभेची पिन दिली आहे. भोक शोधा, नेमकं खुपसा, आणि एकदा आत गेली की ती हट्टाला पेटते. चांगली चाललेली वस्तू बिघडवायला पगार मिळतो का गं या लोकांना?

तू म्हणशील, मामाला उद्योग नाही. पण आमचं काम कसं चालतं ते तू पाहिलेलं नाहीस. तुझी मामी लग्नात विधीविधीला धवले गाणारी धवलारीण, हे सगळ्या बाळकुमला ठाऊक आहे. पण धवलारणीला माइकसमोर बसवून गाता येत नाही हे मला मागच्या वर्षी कळलं. खुर्चीत बसवलं की तिला दोन ओळींपुढे आठवत नाही. हातात सूप दिलं, तांदूळ पाखडायला बसवलं की सगळं धडाधड येतं. भाकरी थापतानाही येतं. मला एकाच कानाने नीट ऐकू येतं, म्हणून मी स्वयंपाकघरात तिच्या अगदी पायाशी पाट मांडून ती गाते ते टाइप करतो. ती उठते, डब्याकडे जाते, परत येते, आणि दर वेळी वायर ओलांडते. जुन्या पिनेवर आमचा संसार चालला होता.

तो जुना लॅपटॉप तू दुकानात एक्स्चेंजमध्ये दिलास. परत मिळायची काही आशा?

या आठवड्याचे दोन धवले नेहमीप्रमाणे सोबत जोडले आहेत.

तुझा
गोपीनाथमामा


डोंबिवली पूर्व
१२ नोव्हेंबर २०२५

मामा,

अरे, कमाल आहेस! पिनेवर पानभर निबंध आणि माझ्या लग्नाबद्दल एक ओळ नाही? मी ऑफिसमध्ये वाचत बसलेले आणि बाजूची प्राची विचारते, घरी सगळं ठीक ना. म्हटलं, ठीक आहे, मामाचं एका पिनेशी भांडण झालंय.

जुना लॅपटॉप विसर. तो दुकानातून कधीच पुढे गेला. आणि ऐक, आता फोनला, लॅपटॉपला, इयरफोनला, सगळ्याला हीच एक पिन. माझ्या ड्रॉवरमधला वायरींचा गुंता गेला याचा मला तरी आनंद आहे. पण खरं सांगू? मलाही ती चुंबकवाली आवडायची. टचकन आवाज आला की बरं वाटायचं. लोकांनी एवढी बोंब मारली की कंपनीने महागड्या मॉडेलमध्ये ती परत आणली म्हणे. मी घेतलेल्यात नाही. सॉरी.

उपाय सोपा आहे. नवीन लॅपटॉपची बॅटरी दिवसभर टिकते. एकदा चार्ज कर, वायर काढून फळीवर ठेव आणि मोकळा बस. तरी तुझ्या समाधानासाठी एक चुंबकाचं टोक ऑनलाइन मागवलंय. ते पिनेला लावायचं, मग तीही टचकन चिकटेल.

आता मुद्द्याचं. लग्न बावीस फेब्रुवारीला कल्याणला, अनिमेषच्या घरच्यांच्या पद्धतीने, बौद्ध विधीने. साधं, सुंदर, तासाभरात आटपणारं. पण हळद आदल्या दिवशी आपल्या पद्धतीने, इथे डोंबिवलीच्या हॉलवर. बाबांनी हॉल घेतलाय. आणि हळदीला मामीचाच धवला हवा. डीजेवाल्याला मी सांगून ठेवलंय, तास दीड तास तोंड बंद.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला लग्न म्हटलं की आईचा चेहरा आठवत नाही रे, मामीचा आवाज आठवतो. पदराला धरून मी तिच्यासोबत किती लग्नांना गेलेले! आणि माझ्याच हळदीला ती नसेल असं होऊच शकत नाही. तिला विचार आणि लगेच कळव. फोनवर तू "बरं, ठेवतो" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहूनच कळव.

तुझी
जागू


बाळकुम
१९ नोव्हेंबर २०२५

जागृती बाळा,

आधी मुद्द्याचं. तुझी मामी येणार. मी विचारलं तेव्हा ती मासे साफ करत होती, मान वर न करता म्हणाली, "इचारायचां काय त्यात?" त्यानंतर आजतागायत कपाट उघडं आहे. कुठलं लुगडं नेसावं यावर शेजारच्या करिश्माचं मत घेतलं जातं, माझं नाही.

आता तुझं चुंबकाचं टोक. आलं, लावलं, चिकटलंही. पण ते इतकं हळवं निघालं की तुझ्या तुळसामामीने परातीत भाकरी थापली की सुटतं. मी शिंकलो तरी सुटतं. शिवाय अर्ध्या तासात हाताला चटका बसेल इतकं तापतं. काढून ठेवलं.

बॅटरीचं म्हणशील तर माझा तिच्यावर विश्वास नाही. तुला ठाऊक नसेल, जुन्या लॅपटॉपने एकदा तेल चढवण्याचा धवला ऐन मध्यावर असताना मान टाकली होती. वायर काढलेली होती, बॅटरीत जीव नव्हता. मी तुळसाला म्हटलं, पुन्हा म्हण. ती म्हणाली, देवाला एकदा बोलावल्यावर लगेच परत बोलावतात का? तो धवला मिळायला मला तीन महिने थांबावं लागलं. तेव्हापासून वायर लावल्याशिवाय मी बसत नाही, आणि बसणार नाही.

परवा तिचा पाय अडकला. लॅपटॉप पाटावरून निघालाच होता, मी झेलला. त्या रागात कंपनीला इंग्रजीत पत्र धाडलं. उत्तर आलं की माझं मत त्यांच्यासाठी फार मोलाचं आहे. खाली नाव एका यंत्राचं होतं.

सोबत एक धवला आहे, मांडव घालण्याचा. अनिमेषला आशीर्वाद.

मामा


बाळकुम
२१ डिसेंबर २०२५

जागृती,

उत्तराला उशीर झाला. इकडे सगळं बरं आहे. थंडी पडली आहे, मामीचा घसा जरा धरला आहे. या महिन्यात धवले पाठवता आले नाहीत, तिला विश्रांती हवी होती. स्वयंपाक सध्या मीच करतो. माझ्या भाकऱ्यांना कडा येत नाहीत, एवढाच दोष.

एक सुचवतो. फेब्रुवारीत मामीचा आवाज लागेल न लागेल. तुझ्या हळदीला आयत्या वेळी घोळ नको. तिकडे मानपाडा, भोपर भागात आपल्यांतल्या चांगल्या धवलारणी आहेत, त्यांच्यापैकी एखादीशी बोलून ठेवावंस. आम्ही आलो तर येऊच.

ती पिन मात्र मी माफ करणार नाही. ज्याने कुणी जुनी पिन काढायचा निर्णय घेतला, त्याला एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात उभा करून मला दोन शब्द बोलायचे आहेत. माणसं घरात चालतात, उठतात, बसतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं का?

काळजी घे.

मामा


डोंबिवली
२३ डिसेंबर २०२५

मामा,

तुझं पत्र पाच वेळा वाचलं. "आम्ही आलो तर येऊच." असं तू मला लिहिलंस? पिनेवर चार ओळी रागाच्या आणि माझ्या हळदीवर हे?

महिन्यापूर्वी मामी लुगडं निवडत होती. आज मी दुसरी धवलारीण शोधायची. घसा धरला म्हणून दोन महिने आधी कुणी नाही म्हणत नाही. मी फोन केला तर म्हणते, भाकरी थापतेय, नंतर बोल. मागे थापण्याचा आवाजच नव्हता. मी तिथे वाढलेय मामा. मला तो आवाज कळतो.

मग मीच विचार केला. मधे काय बदललं? पत्रिका छापून आली. तुम्हाला पाठवली, त्यात अनिमेषच्या आजोबांचं नाव, धोंडिबा, त्यांचं गाव, विधी बौद्ध पद्धतीने, सगळं लिहिलेलं. गावात कुणीतरी काहीतरी बोललं असणार. "भाची कुणाच्या घरात देताय" वगैरे. आणि तुम्ही दोघं माझ्याशी भांडायचं नाही म्हणून घसा, थंडी, विश्रांती सांगताय.

तसं असेल तर सरळ लिही. मला त्रास होईल, खूप होईल, पण मी ऐकून घेईन. अनिमेषची आजी शांताबाई रोज विचारते, तुझी मामी काय गाते, मला शिकवेल का. तिला मी काय सांगू?

जागृती


बाळकुम
२४ डिसेंबर २०२५

जागू, बाळा,

तुझं पत्र वाचलं आणि हातातला चहा तसाच ठेवला. तुझ्या मनात हे यावं? चूक तुझी नाही, मी अर्धवट लिहिलं म्हणून उरलेलं तू भरलंस. अनिमेष पहिल्यांदा घरी आला तेव्हा तुझ्या मामीने त्याला कोलंबी दोनदा वाढली. मला ती दोनदा वाढत नाही. गावात कुणी काही बोललं नाही, आणि बोललं असतं तर तुळसाने त्याला उभ्या उभ्या सरळ केलं असतं.

तेव्हा आता खरं लिहितो. तुझी मामी पडली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. खुब्याचं हाड मोडलं. ठाण्यातच ऑपरेशन झालं, पट्टी बसवली, डॉक्टर म्हणतात हाड नीट जुळतं आहे. वॉकर धरून खाटेपासून दारापर्यंत जाते. जिना आणि गाडीचा प्रवास अजून नको म्हणतात, फेब्रुवारीतही नको.

कशी पडली ते तुला सांगायचंच नव्हतं. ती सुपात तांदूळ पाखडत होती, नवरीला न्हाऊ घालण्याचा धवला चालू होता, मी टाइप करत होतो. गाता गाताच तांदूळ घ्यायला उठली आणि पाय वायरीत गेला. जुनी पिन असती तर टक् करून सुटली असती आणि धवला पुढे गेला असता. ही सुटली नाही. लॅपटॉप पाटावरून निघाला. मी हात पुढे करीपर्यंत तिने सूप टाकलं, लॅपटॉप दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि तशीच कुशीवर आली. हात मोकळे असते तर टेकले असते. लॅपटॉपवर एक ओरखडा नाही.

फरशीवर पडल्या पडल्या तिने मला काय विचारावं? "गानी सांडली नाय ना?"

जागू, मी तिला कधी सांगितलंच नव्हतं की दर आठवड्याला सगळे धवले तुझ्याकडे जातात. मला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. तिला वाटत होतं की वर्षभर गायलेलं सगळं त्या एका डब्यात आहे, आणि डबा फुटला की गेलं. ती वस्तू वाचवायला पडली नाही, धवले वाचवायला पडली.

तुला कळवलं नाही, कारण लॅपटॉप तू दिलेला. तू सगळा दोष स्वतःवर घेशील आणि लग्नाच्या तोंडावर रडत बसशील, म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं की गप्प बसायचं. खरं तर दोष माझा आहे. तू बॅटरीवर चालव म्हणून लिहिलं होतंस. मी हट्टाने वायर लावून बसलो. स्वतःवर किती चिडणार, म्हणून पिनेवर चिडत होतो.

आणि एक. त्या दिवसापासून ती गात नाही. एक ओळही नाही. खाटेवर पडून धवला म्हणायचा नसतो, म्हणते. मला भीती वाटते की ती आता गाणारच नाही. म्हणून दुसरी धवलारीण बघ असं लिहिलं. ते लिहिताना मला काय वाटलं ते मलाच ठाऊक.

मामा


डोंबिवली
२९ डिसेंबर २०२५

मामा,

परवा तुझ्या दारात उभी राहून मी जे काही बोलले, ओरडले, त्यातलं निम्मं मागे घेते. निम्मं राहू दे, तुला हवंच होतं ते.

तू औषधं आणायला गेलेलास तेव्हा मी मामीला माझ्या फोनवर सगळ्या फायली दाखवल्या. एक एक उघडून. हा मांडवाचा, हा तेलाचा, हा देव बोलावण्याचा. तिने फोन हातात घेतला, खाली वर केला, मागून बघितला. मग म्हणाली, "सगली तुज्याकडं व्हती? मंग मी कनाला परली गो?" आणि अशी हसायला लागली मामा, की कमरेत कळ आली तरी थांबेना. मी रडत होते, ती हसत होती. करिश्मा दारातून बघून परत गेली.

आता ऐक. दोष कुणाचा यावर तू आणि मी मरेपर्यंत भांडू शकतो. मामीचं मत आहे की दोष पिनेचा. मला ते पटलंय. आपण तिघं मिळून तिच्यावरच टाकूया. कंपनी लांब आहे, तिला काही वाटणार नाही.

डोंबिवलीचा हॉल रद्द केलाय. हळद बाळकुमला, तुमच्या पुढच्या खोलीत. बाबा आधी कुरकुरले, मग म्हणाले, तुझ्या आईची, मथुराची हळद पण त्याच खोलीत झालेली. अनिमेषच्या घरून फक्त शांताबाई आणि त्याची बहीण प्रियांका येतील. चारी बाजूंनी टॉवर झालेत, गाड्या लावायला जागा नाही, तर रिक्षाने येतील. डीजे नाही.

मामीने गायलं पाहिजे असं नाही. तिला तसं सांग. ती खोलीत बसलेली असली, मला दिसली, बस. न गाता झाली हळद तरी चालेल. पण दुसरी धवलारीण मी आणणार नाही.

अजून एक. तू वर्षभर पाठवलेल्या फायली मी नुसत्या सेव्ह करत होते. एकही नीट वाचली नव्हती. कालपासून वाचायला घेतल्यात, मोठ्याने. अनिमेष म्हणतो, चाल कुठली? मी म्हटलं, चाल माझ्या डोक्यात आहे, लहानपणापासून.

जागू


बाळकुम
११ जानेवारी २०२६

बाय जागृती,

तुजी मामी बोलते. मामा नुसता बोटां चालवतो, त्याचां काय ऐकू नको. मी बोलते तसांच लिव म्हनून त्याला सांगितलाय, सुधरायचां नाय.

लॅपटॉप आता बिनवायरीचा पाटावर बसलाय. वायर वरती फलीवर, तांदलाच्या डब्यामागं. तुज्या मामाला ही अक्कल माजां हाड मोडल्यावर आली. कंपनीला शिव्या देतो, देऊ दे. त्याला बरां वाटतां.

आता तुना सांगते. न गाता हलद चालंल असां तू लिवलास. मना ते बिलकूल आवरलां नाय. मी असताना तुजी हलद मुकी व्हईल? पन मी गाईन असां पन वचन देत नाय, खोटां कनाला बोलू. गला माज्या हातांत हाय. हात गोधरीवर परून ऱ्हायले तर गला कुटून चालंल? परवा तुजा मामा बाजारात गेलेला तवा मी एकटीच बगितलां म्हनून. दोन ओली झाल्या नि दम सरला. माज्या मागनं ओल झेलायला सुगंधा व्हती. मी एक ओल बोलायची, ती परत बोलायची, तवर माजा दम भरायचा. सुगंधा गेली मागच्या साली. आता एकटीनं धवला पुरा व्हत नाय गो.

मना खुर्चीत बसवा. सूप द्या, तांदूल द्या. मंग देवाच्या मनात आसंल ते व्हईल. शांताबायला सांग, सुकी मच्छी बांधून ठेवलीय, घेऊन जायची.

आनि जेवत जा. रोडावलीस.

तुजी मामी

(वरील मजकूर सांगितल्याबरहुकूम टाइप केला आहे. माझ्याविषयीच्या मतांशी मी सहमत नाही. गोपीनाथ)


बाळकुम
१ मार्च २०२६

जागृती बाळा,

कल्याणच्या घरी रुळलीस ना? शांताबाईंचा फोन आला होता, म्हणाल्या, पोरगी पहाटेची उठून कामाला लागते, तिला सांगा जरा झोपत जा. तेव्हा सांगितलं.

हळदीची तू पाठवलेली, प्राचीने काढलेली, सगळी छायाचित्रं पाहिली. सगळ्यांत तू आहेस आणि पिवळा रंग आहे. पण तुला एक गोष्ट दिसलेली नाही, कारण तू पाटावर बसलेली होतीस आणि मामीची खुर्ची तुझ्या पाठीमागे होती. मी समोर दारात उभा होतो. मला सगळं दिसलं. म्हणून लिहितो.

तिने सूप घेतलं, तांदूळ पाखडायला लागली, आणि बराच वेळ काहीच झालं नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग पहिली ओळ आली. बारीक, खरखरीत, पण आली. ती दम घ्यायला थांबली आणि मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तू, तोंडाला हळद फासलेली, तशीच मान खाली घालून ती ओळ झेललीस. स्वतःच्या हळदीला नवरीने धवला झेललेला मी या गावात पाहिला नव्हता. कुणी तुला गप्प बसवलं नाही. तुळसाने एकदा तुझ्या पाठीकडे पाहिलं आणि दुसरी ओळ जोरात म्हटली. मग तुम्ही दोघी चालू लागलात, ती पुढे, तू मागे.

त्या धवल्यात पुढे नवरीच्या आईला नावाने बोलावतात. मी टाइप करताना तिथे जागा मोकळी ठेवली होती, नाव दर लग्नात बदलतं म्हणून. तुळसाने आयुष्यभर त्या जागी गावातल्या सगळ्या आयांची नावं घेतली. आम्हाला मूल नाही. तिचं स्वतःचं नाव तिथे यायचं काही कारणच नव्हतं, आणि त्याबद्दल तिने मला कधी एक शब्द ऐकवला नाही. त्या दिवशी तिने म्हटलं,

"हलदीची वाटी घेवून ये गो, मथुरा बाय."

तू ती ओळ जशीच्या तशी झेललीस. तुझ्या बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. आणि मग तू थांबली नाहीस. तीच ओळ तू पुन्हा घेतलीस आणि म्हणालीस,

"हलदीची वाटी घेवून ये गो, तुलसा बाय."

जागू, तुझ्या मामीने दाराकडे पाहिलं. खरंच. तिला वाटलं, या नावाची दुसरी कुणी बाई आली आहे. मी दारात एकटाच उभा होतो. मग तिला कळलं. सूप तसंच मांडीवर राहिलं, हात थांबले, तोंड उघडं. शांताबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांनी सुपाची एक कड धरली आणि हलवली, तेव्हा तुळसाचे हात परत चालू झाले. पुढचा धवला तिने कसा म्हटला ते तू ऐकलंच आहेस. आवाज फुटत होता, पण एक शब्द सुटला नाही. मी डोळे पुसायला आत गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. कुणी विचारलं असतं तर चुलीचा धूर सांगणार होतो, आणि आमच्याकडे गॅस आहे.

परवा सकाळी भाकऱ्या झाल्यावर ती पाट ओढून माझ्याजवळ बसली. म्हणाली, लॅपटॉप उघड, हलदीचा धवला काढ. मी काढला. ती मोकळी जागा मी तिला बोटाने दाखवली. ती म्हणाली, भर. मी विचारलं, काय लिहू? तिने पदराने हातावरचं पीठ पुसलं. मग म्हणाली, आधी मथुरा लिव, मंग माजां.

मी लिहिलं. मग तिने मला ते मोठ्याने वाचायला लावलं, आणि झाल्यावर पुन्हा एकदा.

ती प्रत सोबत जोडली आहे. ही फक्त तुझी. बाकीच्या सगळ्या प्रतींत ती जागा मोकळी ठेवली आहे.

तुझा
गोपीनाथमामा